तांबी बसवल्यावर पाळी बदलली: काय लिहून ठेवायचं, किती वाट पाहायची, कधी दाखवायचं

"डाग थांबतच नाहीत. काढूनच टाकते." तांबी बसवून दोन महिने झालेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो: किती दिवस जातंय, किती पॅड लागतात, आणि बसवण्याआधी किती जायचं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "खूप". या "खूप"वरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही आणि तिलाही येत नाही. मग एक तर नीट चाललेली तांबी घाईने निघते, नाही तर उलटं होतं. खरोखर तपासायला हवा असा रक्तस्राव "तांबीमुळे होतं असं" म्हणून वर्षभर अंगावर काढला जातो. या दुसऱ्या प्रकाराने मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

गर्भनिरोधनाबद्दल बायकांशी बोलणं हे माझं काम आहे. स्वतः मी आधी तांब्याची आणि नंतर हार्मोनची, अशा दोन्ही तांब्या वापरल्यात. त्या दोन्ही काळांत मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका वहीचा. म्हणून या लेखात वहीबद्दल जरा जास्तच वाचायला मिळेल.

आत नेमकं काय बसवलंय ते आधी पक्कं करा

बोलताना आपण "तांबी" हा एकच शब्द गर्भाशयात बसवायच्या दोन वेगळ्या गर्भनिरोधक वस्तूंसाठी वापरतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. दोन्हींचा पाळीवरचा परिणाम जवळजवळ उलटा असतो. मैत्रिणीला पाळी बंद झाली म्हणून तुमचीही होईल असं नाही. तिच्या आत कदाचित वेगळीच वस्तू असेल.

तांब्याची तांबी, म्हणजे कॉपर-टी, हा टी आकाराचा छोटा प्लास्टिकचा सांगाडा असतो आणि त्यावर तांबं असतं. ३८०-ए या प्रकारातला ३८० हा आकडा म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. ही तांबी दहा वर्षं चालते. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला सौम्य सूज आणतात. ही सूज जंतुसंसर्गाची नसते, पण तिच्यामुळे अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. पाळीत गर्भपिशवी आवळते आणि कळा येतात त्या याच रसायनांमुळे. ती वाढली की कळा वाढतात आणि रक्तही जास्त जातं. या तांबीत हार्मोन नसतं. बीजांड दर महिन्याला पूर्वीसारखंच तयार होतं, त्यामुळे पाळीची तारीख साधारण जुनीच राहते. बदलतं ते रक्ताचं प्रमाण आणि पाळीचे दिवस.

ही अडचण तांबी बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. त्याआधीची साधनं मोठी, वेटोळ्यासारखी होती आणि त्यांनी रक्तस्राव आणि कळा फार व्हायच्या. पिशवीच्या आतल्या पोकळीला जमेल असा लहान टी आकार अमेरिकेतल्या हॉवर्ड टेटम यांनी काढला. पण नुसत्या प्लास्टिकच्या टीने गर्भ राहायचं पुरेसं थांबत नव्हतं. तांब्याचा गुण चिलीच्या हाइमे झिपर यांच्या लक्षात आला आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी या दोन गोष्टी एकत्र आल्या. त्रास कमी करण्यासाठीच हा आकार लहान केला गेला. तरी तो पूर्ण गेलेला नाही, हे बसवण्याआधीच प्रत्येकीला स्पष्ट सांगायला हवं असं मला वाटतं.

हार्मोनच्या तांबीत तांबं नसतंच. तिच्या दांडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं. मिरेना ही त्यातली सगळ्यात माहितीतली. तिच्यात ५२ मिलिग्रॅम औषध असतं. सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम आणि पुढे वर्षागणिक त्याहून कमी असं ते पाझरत राहतं. त्याने गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं. पाळीत बाहेर पडतं ते हेच अस्तर. ते वाढलंच नाही, तर जायलाही फारसं काही उरत नाही. पण पातळ होण्याआधीचे काही महिने ते ठिसूळ असतं आणि थोडंथोडं झरत राहतं. दोन महिन्यांनी "डाग थांबत नाहीत" म्हणणाऱ्या बऱ्याच जणी याच टप्प्यावर असतात. १९.५ आणि १३.५ मिलिग्रॅमच्या लहान हार्मोनच्या तांब्याही मिळतात. त्यांनी पाळी पूर्ण थांबण्याचं प्रमाण कमी असतं.

तेव्हा बसवल्याच्या दिवशीच प्रकार, नाव, बसवल्याची तारीख आणि बदलायची तारीख लिहून घ्या. कार्ड मिळालं तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाच-सात वर्षांनी यातलं काहीही आठवत नाही.

बसवण्याआधीची पाळी कागदावर असू द्या

बदल किती झाला हे कळायला आधी काय होतं ते माहीत हवं. बसवायला अजून वेळ असेल तर आधीच्या दोन-तीन पाळ्या नोंदवा. तांबी आधीच बसली असेल तर आठवून लिहा: किती दिवसांनी यायची, किती दिवस जायची, सगळ्यात जास्त जायचं त्या दिवशी किती पॅड लागायचे, गाठी पडायच्या का, दुखण्यासाठी गोळी लागायची का.

अंदाजासाठी सांगते: एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत, हे सगळं सर्वसाधारण मानतात. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर जास्त समजतात. तांब्याच्या तांबीने हे प्रमाण निम्म्याच्या आसपास वाढू शकतं. ज्या बाईचं मुळात ३० जात होतं तिला ४५ झालं तरी फारसं जाणवणार नाही. जिचं आधीच ७० होतं तिला मात्र ते झेपणार नाही. एकच तांबी दोघींना इतकी वेगळी जाते ती यामुळे. आधीपासून पाळी जड असेल, कळा जास्त असतील किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर हे बसवण्याआधीच बोला. अशा बाईला हार्मोनची तांबी जास्त मानवते. जड पाळीवर उपचार म्हणूनही ती वापरतात.

दोन जणींची तुलना हमखास चुकते. पहिली गोळ्या बंद करून तांबी बसवणारी. गोळ्यांवरची पाळी मुळात कमी जाते. गोळ्या थांबल्यावर तिची स्वतःची पाळी परत येते आणि दोष तांबीला मिळतो. तिने तुलना गोळ्या सुरू करण्यापूर्वीच्या पाळीशी करावी. दुसरी बाळंतपणानंतर बसवणारी. अंगावर पाजत असताना पाळी येतच नाही किंवा वेडीवाकडी येते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांवरून काहीच ठरवू नये.

वही

जागतिक आरोग्य संघटनेने गर्भनिरोधकांचा पाळीवरचा परिणाम मोजायला ९० दिवसांचा कालखंड वापरला. अभ्यासासाठी काढलेली ही युक्ती घरच्या वहीतही उत्तम चालते. महिन्याचा हिशेब फसवतो. एखादा महिना वाईट जातो, पुढचा बरा जातो आणि आपल्याला आठवतो तो वाईटच. ९० दिवस एकत्र पाहिले की चढ-उतार दिसतो.

वहीच्या एका पानावर ९० चौकटी आखा, दहाच्या नऊ ओळी. रोज रात्री एक खूण करायची:

- काहीच नाही: आडवी रेघ
- डाग, म्हणजे पॅड न लावता भागलं: टिंब
- पॅड लागलं: पोकळ गोल
- दोन-तीन तासांत पॅड भिजलं, रात्री उठून बदलावं लागलं किंवा गाठी पडल्या: भरलेला काळा गोल
- दुखण्यासाठी गोळी घेतली: खुणेखाली एक छोटी आडवी रेघ

टिंब आणि गोल यांतला फरक महत्त्वाचा आहे. पॅड लागलं तो रक्तस्राव, नाही लागलं ते डाग. एक बाई मला तीन आठवडे "डाग" सांगत होती. खुणा करायला लागल्यावर कळलं की ती दिवसाला चार पॅड बदलत होती. दुसरी "सारखं जातंय" म्हणत होती आणि तिच्या पानावर ओळीने टिंबंच टिंबं होती, गोल एकही नाही. या दोघींना एकच सल्ला देऊन कसं चालेल?

माझं तांब्याच्या तांबीचं पहिलं पान अजून माझ्याकडे आहे. ९० चौकटींत रक्ताच्या ३१ खुणा आहेत आणि त्यांतले नऊ काळे गोल. ते नऊ तीन-तीनचे घोळके करून बसलेत, प्रत्येक पाळीचा दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस. दुसऱ्या पानावर २२ खुणा, सहा काळे गोल. रोजच्या जगण्यात मला काहीही सुधारल्यासारखं वाटत नव्हतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं.

मोबाइलमधलं पाळीचं अॅप वापरत असाल तर तेही चालेल, फक्त पॅड आणि डाग वेगळे नोंदवा. हार्मोनच्या तांबीत पुढची तारीख सांगणारं अॅपचं भाकीत विसरून जा, ते जुळणार नाही.

पहिले तीन आठवडे

बसवल्यावर काही तास ते दोन-तीन दिवस ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते, थोडं रक्त दिसतं. गरम पाण्याची पिशवी आणि दुखण्याची साधी गोळी पुरते. डाग मात्र काही आठवडे दिसू शकतात.

या काळात पाळीच्या खुणांइतकंच लक्ष तापाकडे असू द्या. तांबीशी जोडलेल्या संसर्गाचा धोका पहिल्या तीन आठवड्यांतच जास्त असतो. ताप, थंडी, घाण वासाचा स्राव आणि दिवसागणिक वाढत जाणारं दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका.

तांब्याची तांबी बसल्या क्षणापासून काम करते. हार्मोनची तांबी, पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत बसवली असेल तर लगेच, नंतर बसवली असेल तर पुढचे सात दिवस कंडोमही वापरावा.

तांब्याची तांबी: पहिले सहा महिने

पहिल्या तीन पाळ्या सहसा सगळ्यात जड जातात. पाळी एक-दोन दिवसांनी लांबते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर असतो, आधी नव्हत्या त्या कळा येतात. मधल्या दिवसांत डागही दिसतात. तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणींचं बसतं. कळा आणि मधले डाग लवकर कमी होतात. रक्ताचं प्रमाण हळू उतरतं आणि काही जणींचं पूर्वीपेक्षा थोडं जास्तच राहतं. "सहा महिन्यांनी सगळं पहिल्यासारखं होईल" असं कुणी सांगितलं तर तेवढं अर्धंच खरं धरा.

आता औषधाचं. दुखणं आणि रक्त दोन्हीवर उपयोगी पडते ती आयबुप्रोफेनसारखी सूजविरोधी गोळी, कारण ती प्रोस्टाग्लँडिनच कमी करते. जड रक्तस्राव सुरू झाल्यापासून ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवल्यावर, पाच दिवस, असा नेहमीचा प्रघात आहे. मेफेनॅमिक अॅसिडही याच जातीचं. पॅरासिटामॉल दुखणं कमी करतं, रक्तावर त्याचा असर नाही. अॅस्पिरिन टाळा, त्याने रक्त वाढू शकतं. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

त्रास होण्याआधीच दर पाळीला गोळी सुरू केली तर? चिलीमध्ये पहिल्यांदाच तांबी बसवणाऱ्या दोन हजारांवर बायकांवर हे करून पाहिलं गेलं, अभ्यास २००६ साली छापून आला. त्रासामुळे तांबी काढून घेणाऱ्यांचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. म्हणून गोळी लागेल तेव्हाच घ्या. ती उगाच अंगवळणी पाडून घेऊ नका.

आयबुप्रोफेनने भागत नसेल तर डॉक्टर ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड देतात. ते रक्त चांगलं आवरतं, पण शिरेत कधी रक्ताची गाठ झालेली असेल तर देत नाहीत. मैत्रिणीच्या पाकिटातली उरलेली गोळी घेण्यासारखं हे औषध नाही.

हार्मोनची तांबी: आधी गोंधळ, मग शांतता

इथे पहिलं पान बघून घाबरायला होतं. पहिल्या ९० दिवसांत महिनाभर किंवा त्याहून जास्त दिवस काही ना काही दिसू शकतं, तेही ठरावीक वेळी नाही. चार दिवस टिंबं, दोन रेघा, एक गोल, पुन्हा टिंबं. पाळी कुठली आणि डाग कुठले हेच उमगत नाही. इथे एकच आकडा धरून ठेवा: काळे गोल किती? ते एखाद-दुसरेच असतील आणि टिंबं पानागणिक कमी होत असतील, तर औषध आपलं काम करतंय.

तीन ते सहा महिन्यांत डाग विरळ होतात. वर्षाच्या शेवटी ५२ मिलिग्रॅमच्या तांबीवर साधारण पाच जणींमागे एकीची पाळी पूर्ण थांबलेली असते आणि पुढच्या वर्षांत हे प्रमाण वाढतं. बाकीच्यांची हलकी होते, कधी नुसते डागच. मुळात फार जड पाळी असलेल्यांचा रक्तस्राव तर ८०-९० टक्क्यांनी उतरतो.

या काळात डाग ठरल्या वेळी येत नाहीत, त्यामुळे कुठल्या दिवशी काय घालायचं, प्रवासाला किती पॅड न्यायचे, सगळंच अधांतरी होतं. टिंबाएवढ्या डागासाठी रोज मोठं पॅड लावू नका, त्वचा सोलवटते. पातळ लायनर किंवा पाळीसाठीची निकर पुरते.

पाळी थांबली तरी छाती दुखणं, पोट फुगणं, दोन दिवस चिडचिड हे ठरावीक काळाने होऊ शकतं. बऱ्याच जणींमध्ये बीजांड बाहेर पडणं चालूच असतं, त्याची ती खूण. बीजकोशावर पाण्याची गाठही कधी दिसते. बहुतेक वेळा ती आपोआप जिरते.

पाळी आलीच नाही तर

हार्मोनच्या तांबीवर पाळी न येणं हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. "मग रक्त आत साचतं का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकीने विचारलाय, आणि तो अगदी रास्त आहे. साचत नाही, कारण साचायला लागणारं अस्तर तयारच होत नाही. तांबी काढली की अस्तर पुन्हा वाढायला लागतं आणि पाळी परत येते. तरीही पाळी पहिल्यांदा चुकेल तेव्हा घरी लघवीची चाचणी करून टाका. मन स्वस्थ होतं.

तांब्याच्या तांबीवर मात्र पाळी चुकली तर ते तांबीमुळे नाही. सात दिवस वर गेले की चाचणी कराच. तांबी असताना दिवस राहणं दुर्मिळ आहे, वर्षाला शंभरात एकीहून कमी. पण राहिलेच तर गर्भ नळीत रुजलेला असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त धरावी लागते. चाचणी होकारार्थी आली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एका बाजूला ओटीपोटात तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर थेट तातडीच्या विभागात जा. गर्भ पिशवीत असेल तर तांबी ठेवायची की काढायची याचा निर्णय लवकर व्हावा लागतो. दोरा दिसत असेल तर ती लवकर काढल्याने गर्भपाताचा धोका घटतो.

पाळी संपल्यावर दोरा पाहा

तांबी आपोआप बाहेर पडू शकते. पहिल्या वर्षात शंभरातल्या दोन ते दहा जणींना हे होतं, बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांत आणि पाळी चालू असताना. गाठीबरोबर निघून गेली तर कळतही नाही. म्हणून जड पाळीच्या दिवसांत पॅड टाकण्याआधी एकदा पाहावं.

पाळी संपल्यावर हात साबणाने धुवा, उकिडव्या बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवा आणि मधलं बोट आत सरळ वर न्या. बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं काही घट्ट, गोलसर लागेल. ते गर्भाशयाचं तोंड. त्याच्या मधोमध नायलॉनच्या बारीक दोऱ्याची टोकं लागतात. पहिल्यांदा नाहीच सापडत. मलाही तिसऱ्या खेपेला सापडला. दोरा ओढायचा नाही, फक्त आहे ना ते पाहायचं. लागला नाही, नेहमीपेक्षा लांब लागला किंवा प्लास्टिकचं टणक टोक टोचलं, तर दाखवेपर्यंत कंडोम वापरा. दोरा कधी नुसता वर गुंडाळला जातो. सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसली की प्रश्न मिटतो.

पाळीचा कप वापरणाऱ्यांनी तो सरळ खेचू नये. आधी बुडाशी चिमटा देऊन हवा आत जाऊ द्या, मग काढा. ओढीने तांबी सरकू शकते.

लोह

यावर बोललं जात नाही आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दर महिन्याला थोडं थोडं जास्त रक्त गेलं तर त्या दिवशी काही होत नाही. सहा-आठ महिन्यांनी जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारी अंग टाकावंसं वाटतं, आणि त्याचा संबंध कुणी तांबीशी जोडत नाही. तांब्याची तांबी बसवण्याआधी एकदा आणि पाळी जड झाली असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन तपासा. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं ते १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. शक्य असेल तर फेरिटिनही करा. साठ्यातलं लोह हिमोग्लोबिनच्या आधी उतरतं, त्यामुळे हिमोग्लोबिन १२.२ आहे म्हणून गप्प बसलेल्या बाईचं फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तरी रक्त का जास्त जातंय हा प्रश्न उभाच राहतो, तो सोडू नका.

वही घेऊन कधी जायचं

त्याच दिवशी जायचं: दोन तासांहून जास्त वेळ दर तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, ताप असेल, सहन न होणारं दुखणं असेल किंवा चाचणी होकारार्थी असेल.

चार-आठ दिवसांत वेळ घेऊन जायचं: सलग १४ दिवसांहून जास्त जात असेल, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, संबंधांनंतर रक्त दिसत असेल, दोरा बदलला असेल, किंवा दुसऱ्या पानावर पहिल्यापेक्षा जास्त काळे गोल असतील. शेवटचं कुठल्याच यादीत नसतं, पण माझ्या मते ती सगळ्यात उपयोगी खूण आहे. तांबीचा त्रास पहिल्या पानाकडून दुसऱ्या पानाकडे उतरायला हवा. तो चढत असेल तर कारण शोधायला हवं.

आणि दोन वर्षं सगळं शांत असताना अचानक रक्तस्राव सुरू झाला, तर तो "तांबीचाच" असं गृहीत धरू नका. तांबी सरकली असेल, दिवस राहिले असतील, संसर्ग असेल, पिशवीत फायब्रॉइडची किंवा पॉलिपची गाठ असेल, थायरॉइड असेल. पंचेचाळिशीच्या पुढे असं झालं आणि थांबलं नाही तर अस्तराची तपासणी लागू शकते. तपासताना डॉक्टर आतून पाहतील, सोनोग्राफी सांगतील. "तांबी आहे ना, होणारच" एवढ्यावर कुणी परत पाठवलं तर वहीची दोन पानं समोर ठेवा आणि सोनोग्राफी करून देण्याची विनंती करा.

काढायची असेल तर

सहा महिने थांबा असं मी सांगते ते बहुतेकींचा त्रास तोवर उतरतो म्हणून. पण थांबणं हा नियम नाही. शरीर तुमचं आहे. त्रास नको वाटला तर दुसऱ्या महिन्यातही तांबी काढून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्यासाठी कारणं द्यावी लागू नयेत.

मूल नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळा किंवा कंडोम वापरा. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात आणि काढल्या क्षणी संरक्षण संपतं. मूल हवं असेल तर वाट पाहायची गरज नाही, पुढच्याच चक्रात दिवस राहू शकतात. तांब्याची काढून हार्मोनची बसवायची असेल तर एकाच भेटीत होतं. मीही तसंच केलं.

काढल्यावर वही लगेच बंद करू नका. आणखी एक ९० दिवसांचं पान भरा आणि ते बसवण्याआधीच्या नोंदीशेजारी ठेवा. तांब्याच्या तांबीनंतर पहिल्या-दुसऱ्या पाळीतच फरक दिसायला हवा. हार्मोनच्या तांबीनंतर अस्तर पुन्हा वाढायला लागतं आणि पाळी साधारण महिन्या-दोन महिन्यांत येते. तीन महिने उलटूनही आली नाही, किंवा तांबी निघूनही काळे गोल तितकेच राहिले, तर त्याचं कारण दुसरं काही आहे. मग ही सगळी पानं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.